चहाच्या आधीची गोळी

आप्पा पहाटे उठला की तीन कामं करतो, आणि त्यांचा क्रम चुकत नाही. आधी गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर थाप मारायची. मग चुलीपुढं बसून कपभर चहा. मग दुधाची किटली उचलून डेरीला. डेरी त्याच्या घरापासून तीनशे पावलांवर आहे. ही पावलं मी स्वतः मोजली आहेत, कारण पुढं एका कागदावर ती लिहावी लागली. 2023 च्या नोव्हेंबरात यातलं तिसरं काम थांबलं. किटली हातात घेऊन तो उंबऱ्यात उभा राहायचा, आणि थोड्या वेळानं ती खाली ठेवून परत अंथरुणात जायचा.

हे टिपण त्या उंबऱ्यातल्या थांबण्याबद्दल आहे.

मी कोल्हापूर जिल्ह्यात एका छोट्या संस्थेचं काम बघते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या माणसांना त्यांच्याच घरात, त्यांच्याच गावात रोजच्या जगण्यात मदत करणाऱ्या बायका आणि थोडे पुरुष आमच्याकडे आहेत. त्यांना शिकवायचं, महिन्यातून दोनदा घरी जाऊन बघायचं, कुठं अडलं तर सोबत उभं राहायचं, हे माझं काम. गाव भुदरगड तालुक्यातलं आहे, एवढं पुरे. नावं घेत नाही, हाक मारायची नातीच वापरते. आप्पाला विचारूनच लिहिते आहे. तो म्हणाला, "म्हशीचं पण लिवा."

घर

आप्पाचा जन्म 1985 चा. त्याला डाउन सिंड्रोम आहे. पेशीत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, तो प्रकार. गावात कुणी त्याला भोळा म्हणतं, कुणी देवाचं लेकरू. कागदावर तो 'मध्यम बौद्धिक अक्षमता, 75 टक्के' आहे. हा 75 चा आकडा त्याला मोजून काढलेला नाही. 'मध्यम' या गटात बसला की नियमानुसार 75 लिहितात, मग माणूस कसाही असो. त्याला घड्याळ कळत नाही, सुट्ट्या पैशांचा हिशेब जमत नाही. पण म्हैस आज विणार की उद्या, हे घरात सगळ्यांच्या आधी त्याला कळतं, असं त्याची भावजय सांगते, आणि ती उगाच कौतुक करणारी बाई नाही.

वडील होते तोवर आप्पा त्यांच्या मागं मागं असायचा. 2019 मध्ये ते गेले. थोरला भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुलं पुढच्या घरात. आप्पा आणि आई मागच्या घरात. गोठा दोन्हींच्या मध्ये. भाऊ एमआयडीसीत पाळीवर जातो. 2022 च्या जुलैत आई अंगणातल्या शेवाळावर घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि 68 वर्षांच्या बाईनं सदतीस वर्षं एकटीनं जे केलं ते एका दिवसात थांबलं. आप्पाची दाढी, आंघोळ, जेवण, रात्री उठून पांघरूण घालणं. हे सगळं कुणीतरी करत होतं, हे घराला तेव्हा कळलं.

त्याच ऑगस्टपासून काकी यायला लागल्या. त्याच गावातल्या, विधवा, वय पंचेचाळीस, सातवीपर्यंत शिकलेल्या. सकाळी तीन तास, संध्याकाळी दीड तास. गावात त्यांना 'केरटेकर' म्हणतात. हा शब्द त्यांना आवडतो, कारण तो कामवालीपेक्षा वेगळा आहे.

पहिली चूक, आमची

काकींनी पहिले दोन महिने जीव ओतून काम केलं. आप्पाला आंघोळ घातली, शर्टाची बटणं लावली, भाकरी कुस्करून दुधात घालून दिली, चहा बशीत ओतून फुंकर मारून दिला. ऑक्टोबरात मी गेले तेव्हा आई खूश, भाऊ खूश. आप्पा खाटेवर हात पसरून बसला होता. बटणं लावून घ्यायची त्याला सवय झाली होती. जुलैपर्यंत तो स्वतः बटणं लावत होता. वर-खाली लावायचा, पण लावायचा.

दोष काकींचा नव्हता. आम्ही त्यांना 'सांभाळायला' पाठवलं होतं आणि त्यांनी सांभाळलं. तान्ह्या मुलाला सांभाळतात तसं. पाठवण्याआधीच्या दहा दिवसांच्या शिकवणीत आम्ही उचलायचं कसं, आकडी आली तर काय करायचं, हे सगळं सांगितलं होतं. हात मागं कधी घ्यायचा हे नीट सांगितलंच नव्हतं.

मग बसून ठरवलं. कुठलंही काम तुकड्यांत मोडायचं आणि शेवटचा तुकडा आप्पाचा. पाच बटणांपैकी चार काकींनी लावायची, शेवटचं त्यानं. ते जमलं की शेवटची दोन त्याची. उलटीकडून शिकवायचं एवढ्यासाठी, की काम पुरं केल्याचं समाधान पहिल्या दिवसापासून त्याला मिळतं. अडला तर आधी थांबायचं. मनात वीसपर्यंत मोजायचं. मग बोलून सांगायचं, मग खुणेनं, मग करून दाखवायचं, आणि हात धरायचा तो सगळ्यात शेवटी. काकींना यातलं वीस मोजणं सगळ्यात जड गेलं. "हात शिवशिवतोय वो माझा," म्हणायच्या. डिसेंबरपर्यंत बटणं परत आली. चहा मात्र बशीतूनच राहिला. तो आप्पाला तसाच आवडतो, आणि आवडीत आपण पडायचं कारण नाही.

आंघोळीचा प्रश्न वेगळा होता. सदतीस वर्षांच्या पुरुषाला बाहेरच्या बाईनं आंघोळ घालायची, यावर गावात कुजबुज झाली आणि ती मला पूर्णपणे चुकीची वाटली नाही. लोकांना काकींची अब्रू दिसत होती, मला आप्पाची. पुरुष मदतनीस मिळाला असता तर बरं झालं असतं, पण या पगारात या तालुक्यात तो मिळत नाही. तोडगा असा निघाला: काकी पाणी विसावतात, साबण आणि टॉवेल त्याच्या हाताच्या उंचीवर ठेवतात आणि दाराबाहेर पाठ करून उभ्या राहून बोलत राहतात. "पाय झालं? काखेत साबण?" पाठ चोळायला आणि डोकं धुवायला दर रविवारी मोठा पुतण्या. दार मात्र अर्धं उघडंच ठेवायचं, कारण न्हाणीची फरशी गुळगुळीत आणि आतली कडी अडकली तर बाहेरून उघडत नाही.

वही

संस्थेचा छापील तक्ता आहे. त्यात खुणा करायच्या असतात. काकींनी तो चार महिने भरला आणि मग गावातल्या दुकानातून दोनशे पानी वही आणली. "तुमच्या चौकटीत आप्पा बसत न्हाई," हे त्यांचं कारण. त्या कोल्हापुरी पद्धतीनं लिहितात, बाई असून 'मी गेलो, मी बघितलो'. रोज चार-पाच ओळी. झोप, परसाकडं, जेवण आणि काही वेगळं घडलं असेल तर ते. या वहीला मी सुरुवातीला फार किंमत दिली नाही, हे कबूल करते. तक्ता भरला जात नाही म्हणून एकदा टोकलंही होतं.

नोव्हेंबर 2023 नंतर घरात प्रत्येकाकडे आप्पाच्या थांबण्याचं एक कारण होतं. आई म्हणाली, वडिलांची आठवण काढतोय. भाऊ म्हणाला, आळस चढलाय, काकींनी लाडावलाय. शेजारच्या म्हातारीला बाहेरचं काही वाटलं. आईनं आदमापूरहून बाळूमामांचा भंडारा मागवला. काकींनी तो आणून कपाळाला लावला आणि वहीत लिहिलं: "भंडारा लावलो. झोपून हाय." जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं, तर आप्पाच्या चेहऱ्याकडे एकदा बघून डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटचं असंच असतं, वय वाढलं की मंद होतात. टॉनिक लिहून दिलं. तपासायला हात लावला नाही.

आणि मी? मी त्या सगळ्यांच्या पुढे गेले. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांना अल्झायमर लवकर, अगदी चाळिशीतही गाठू शकतो. ते खरं आहे, आणि त्याचं कारण त्या तिसऱ्या प्रतीतच आहे: अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन ज्यापासून बनतं, त्याचं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असतं. मला हे माहीत होतं, नुकतंच एका प्रशिक्षणात ऐकलं होतं, आणि माहीत असलेलं कुठंतरी वापरून टाकण्याची माणसाला घाई असते. जानेवारीत मी भावाला बाजूला घेऊन म्हणाले, स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. 'असू शकते' हा भाग त्यानं ऐकला नाही. पुढच्या आठवड्यात तो सांगलीकडच्या एका आश्रमाची चौकशी करून आला. जे बरं होणार नाही त्याची सोय बघायची, हा त्याचा हिशेब; त्यात दुष्टपणा नव्हता. पण माझ्या एका वाक्यानं आप्पाचं घर सुटायची वेळ आली होती.

मार्चच्या भेटीत काकींनी वही पुढं केली. "डोकं गेलंय म्हणताय, मग हे काय?" मी तिथंच, अंगणात बसून चार महिन्यांची पानं वाचली. काही ओळी जशाच्या तशा देते.

"तीन दिस परसाकडं न्हाई."

"ऊन तापलंय तरी सेटर काढंना. हात गार."

"आवाज घोगरा. सर्दी न्हाई."

"जेवण कमी. तरी चड्डीचं नाडं तुटाय लागलंय."

"मागनं हाक मारलो. बघितलं न्हाई. पुढं जाऊन बोललो तर हसला. नाव बरोबर घेतला."

"डेरीतला पोरगा म्हणला, आप्पाला लिटर सांगितलं तर ऐकत न्हाई. पडद्यावर दाखवलं की मान हलवतो."

शेवटच्या दोन ओळींवर मी अडकले. विसरणारा माणूस समोरून बोलल्यावर नाव बरोबर घेईल, हे होऊ शकतं. पण पाठीमागून एकदाही वळणार नाही? आणि आकडा पडद्यावर ओळखेल? आप्पा विसरत नव्हता. त्याला ऐकू येत नव्हतं. आणि बाकीचं सगळं, म्हणजे थंडी, बद्धकोष्ठ, घोगरा आवाज, कमी खाऊन वाढणारं वजन, दिवसभराची झोप, हे थायरॉइडच्या कुठल्याही पत्रकात एका ओळीत छापलेलं असतं. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं इतकं नेहमीचं आहे की वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावं असं सांगतात. आप्पाचं अडतीस वर्षांत एकदाही तपासलं नव्हतं. मी वीस महिने त्याच्या घरी जात होते आणि मलाही सुचलं नव्हतं.

डेरीतल्या मुलाचं वेगळं लिहायला हवं. दूध मोजून पावती देणारा हा पंचवीसेक वर्षांचा मुलगा. आप्पा रोज किटली ठेवायचा आणि तो मोठ्यानं "साडेतीन!" म्हणायचा, आप्पा "साडेतीन" म्हणायचा, मग पावती. ऑक्टोबरपासून आप्पा उत्तर देईना, तेव्हा त्यानं आपणहून यंत्राचा पडदा त्याच्याकडे वळवायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या प्रशिक्षणाला तो बसला नव्हता. या सगळ्या प्रकरणात आप्पाचं ऐकणं कमी झाल्याचं सगळ्यात आधी ध्यानात आलं ते त्याच्या, आणि त्यानं त्यावर उपायही काढला. मग नोव्हेंबरात आप्पा यायचाच थांबला.

कोल्हापूरचा दिवस

रक्त तालुक्यालाच दिलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावला की रक्तात वाढणारं संप्रेरक, 38 आला. तो साधारण 4-5 च्या आत असायला हवा. कानासाठी कोल्हापूर गाठावं लागलं. एसटीनं, काकी आणि मी. आप्पाला दिव्यांगाची 75 टक्के सवलत आहे, आणि सोबत्यालाही निम्मं तिकीट. पण 17 मार्च 2023 पासून बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट आहेच, त्यामुळे सोबती बाई असेल तर या सवलतीचा तिला वेगळा उपयोग उरत नाही. काकींनी हे कंडक्टरला ऐकवलं. तो म्हणाला, मावशी, मग पुढच्या वेळी काकांना पाठवा.

कानाच्या डॉक्टरांना मी आधीच दोन गोष्टी सांगितल्या. एक, डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके काही जणांत सैल असतात, म्हणून मान झटक्यानं वळवू नका. दोन, जे करणार ते आधी माझ्या हातावर करून दाखवा, मग त्याच्या. डॉक्टरांनी दोन्ही ऐकलं. कानाची नळी जन्मतःच अरुंद, दोन्हीकडे दगडासारखा मळ. पाच दिवस थेंब घालून परत बोलावलं. दुसऱ्या खेपेला मळ निघाला. बाहेर रस्त्यावर आलो आणि रिक्षाचा हॉर्न वाजला, तसे आप्पानं दोन्ही हातांनी कान झाकले आणि रिक्षावाल्याला शिवी दिली. ती शिवी त्याच्या वडिलांची. काकींना रस्त्यातच रडू आलं.

गोळी

आता खरी अडचण सुरू झाली, आणि मला विचाराल तर या प्रकरणातला शिकण्यासारखा भाग हा आहे. निदान व्हायला चार महिने लागले, गोळी पोटात जायला पुढचे सहा आठवडे.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि नंतर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर चहा-दूध काही नाही. आप्पाचा दिवस मात्र म्हैस, चहा, डेरी. चहा मागं ढकलायचा म्हणजे त्याच्या लेखी सूर्य उलटा उगवायचा. पहिल्या दिवशी काकींनी कप लांब ठेवला, तर तो कप घेऊन थेट पुढच्या घरी भावजयीकडे गेला. आईनं सुचवलं, चहातच टाका. ते चालत नाही. भावानं सुचवलं, गुळाच्या खड्यात घाला. तसं दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी गोळी दाताखाली आली. आप्पानं गूळ थुंकला आणि पुढचा महिनाभर गुळाला शिवला नाही. काकींच्या हातचं काहीही घेण्याआधी फोडून बघायला लागला. दीड वर्षाचा विश्वास दोन खड्यांत गेला. लपवून औषध देऊ नका, असं मी शिकवणीत सांगते. भावाला मात्र त्या वेळी मी ठामपणे नाही म्हणाले नव्हते.

काकींनी मग आठवडाभर गोळीचं नावच काढलं नाही. पहाटे लवकर येऊन नुसत्या बसून राहिल्या, आप्पा काय करतो ते बघत. वहीत त्या आठवड्याच्या नोंदी वेळेसकट आहेत. त्यात त्यांना दिसलं, की उठल्यावर म्हशीला थाप मारून आप्पा गोठ्यातल्या रांजणातलं तांब्याभर पाणी पितो. रोज. हे आईलाही माहीत नव्हतं.

मग असं ठरलं. गोळी चुलीपाशी नाही, गोठ्यात. एक छोटी डबी खुंटीला टांगली, शेजारी कालनिर्णयचं पान. डॉक्टरांनी आप्पाच्या गळ्याला हात लावून दाखवलं होतं, तसंच काकींनी परत दाखवलं: इथं दुखणं आहे, त्याची ही गोळी, खाल्लीस की डेरीला जायला ताकद. नको असेल तर नको. पहिले दोन दिवस नको. तिसऱ्या दिवशी त्यानं डबी स्वतः उघडली, पाण्याबरोबर गोळी घेतली आणि कालनिर्णयवर फुली मारली. गोळीनंतर चहापर्यंतचा वेळ कसा काढायचा? भावजयीनं धार काढायची वेळ अर्ध्या तासानं पुढं आणली आणि आप्पाला पेंड कालवायला, शेण ओढायला लावलं. म्हैस, चहा, डेरी. क्रम तोच राहिला, फक्त म्हैस लांबली. तीनशे पावलांचा कागद याच काळातला: घरापासून डेरीपर्यंत कुठं थांबायचं, कुणाचा कट्टा, कुठं कुत्रं, हे मी फोटो लावून केलं. आप्पाला त्याची गरज पडली नाही. तो पुढं दुसऱ्याच कामी आला.

आठ आठवड्यांनी टीएसएच 11 वर आला, मात्रा वाढवली, मग आणखी खाली आला. त्याआधीच, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस सुरू झाल्यावर, वहीत नोंद आहे: "आप्पा डेरीला गेला. मी मागं होतो, त्याला कळू दिलं न्हाई. साडेतीन म्हणला."

आश्रमाचा विषय भावानं परत काढला नाही. मीही माझं जानेवारीतलं वाक्य त्याच्याकडे जाऊन मागं घेतलं. तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगितलं म्हणून मी एक रात्र झोपलो नव्हतो." त्याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही.

काकी नसताना

2025 च्या सुरुवातीला काकींच्या मुलीचं बाळंतपण होतं. त्या तीन आठवडे गेल्या. बदली बाई चांगली होती, पण तिनं गोळी सवयीनं चहाबरोबर दिली, आंघोळीला दार पूर्ण उघडं ठेवलं, आणि चौथ्या दिवशी आप्पानं तिच्या अंगावर पाणी ओतलं. वही होती, पण दोन वर्षांची सातशे पानं एका रात्रीत कुणी वाचत नाही. मग मी, पुतण्या, भावजय आणि डेरीतला मुलगा असे बसलो आणि आप्पाचा दिवस एका कागदावर काढला. फोटोंचा तो जुना कागद मधे, बाजूला बाकीचं. हा कागद आता गोठ्याच्या आतल्या भिंतीवर आहे. पुतण्यानं वर लिहिलंय: 'मागनं हाक मारू नये.'

काकींचा पगार हा या प्रकरणाचा न सुटलेला भाग. साडेचार तासांचे त्यांना मिळतात ते पैसे भांगलणीला गेल्यावर मिळतील त्याहून फार जास्त नाहीत, आणि तेही देणगी आली तर वेळेवर. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पाचवं कलम सांगतं, की दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी घरी व गावात लागणारी मदत मिळायला हवी. ते कलम चांगलं आहे. काकींचा पगार कुठल्या लेखाशीर्षातून द्यायचा हे त्यात नाही. आप्पाला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे येतात, ते त्याच्या खात्यावर, त्याच्या गरजांसाठी. त्यातून काकींना द्या असं कुणी कुणी सुचवतं. निरामय विम्यात 1 लाखापर्यंत उपचार बसतात, पण रोज पहाटे गोठ्यात बसणारी बाई हा उपचार धरत नाहीत. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्चायचा असतो. गेल्या वर्षी त्यातून आमच्या गावात सगळ्यांना सारखी भांडी वाटली. आप्पाला एक कुकर मिळाला.

आई आता 71 वर्षांची आहे. वॉकर सुटला नाही. वडिलांच्या नावची अर्धा एकर वारसानं आप्पाच्याही नावावर आहे, आणि मध्यंतरी एका कागदावर त्याचा अंगठा आणि काकींची साक्षीदार म्हणून सही हवी होती. काकी म्हणाल्या, आधी मोठ्यानं वाचून दाखवा, आप्पाच्या समोर उभं राहून, आता त्याला ऐकू येतंय. कागद परत गेला. अठराच्या पुढच्या माणसाचे आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक नसतात. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. अर्ज करायचा का, कुणाच्या नावानं, यावर घर अजून बोलतं आहे, आणि मी या वेळी गप्प आहे.

मळ परत साचतो, म्हणून सहा महिन्यांनी कान दाखवायचे. वर्षाला रक्त. संध्याकाळची डेरीची फेरी परत आली नाही. आप्पा म्हणतो, पुतण्या जातोय की. चाळिशीत जे होऊ शकतं ते अजूनही होऊ शकतं, म्हणून वहीत महिन्यातून एकदा मी काही ठरावीक गोष्टी बघते. पण आधी कान बघते.

गेल्या महिन्यातली एक नोंद: "आज आप्पानं मला हातानं मागं सारलं. न्हाणीचं दार ओढून घेतलं. आतनं कडी. मी हाक मारलो, आतनं म्हणला, थांब की." खाली दुसऱ्या शाईत: "कडी अडकली तर?" काकींनी त्याच दिवशी सुतार बोलावला. आतून लागणारी, पण बाहेरून नाणं घालून फिरवता येणारी कडी त्यानं बसवली. आप्पानं ती सात वेळा लावून बघितली. सुताराचे दीडशे रुपये काकींनी पदरचे दिलेत आणि संस्थेकडे मागितलेत. आमच्या हिशेबनिसानं विचारलंय, हे औषधोपचारात टाकू की दुरुस्तीत.